वेळापत्रक : एक परीक्षण

आज आम्ही ज्या कृतीचें परीक्षण करण्यास बसलों आहों, ती कोणत्याहि पुस्तकविक्रेत्याकडे मिळावयाची नाहीं. तिला कर्ता आहे, पण त्याचें नांव मुखपृष्ठावर नसतें. तिला वाचक आहेत, पण ते तिच्यावर चारचौघांत टीका करीत नाहींत, चहाच्या वेळीं दबक्या आवाजांत करितात. जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे शिक्षकांच्या खोलींतील भिंतीवर ही कृति लागते. तिचें नांव वेळापत्रक. उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटी आणि त्यांत विषयांचीं व शिक्षकांचीं आद्याक्षरें, एवढाच तिचा मजकूर. वाङ्मयाच्या मासिकांत तिला जागा कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, कोणत्या मुलाला वाचतां-लिहितां येईल आणि कोणाला येणार नाहीं हें ज्या कागदावरून पुष्कळसें ठरतें, त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकानें पाठ फिरवूं नये.

हा कागद वरवर पाहतां मोठा न्यायी दिसतो. प्रत्येकाच्या नांवापुढें तासांची संख्या सारखी असते. पण एक उदाहरण घेऊं. एका हायस्कुलांत इंग्रजीच्या दोन शिक्षकांस आठवड्याचे तीस-तीस तास आहेत. पहिल्याकडे पांच तुकड्या, दर तुकडीस सहा तास. दुसऱ्याकडे तीन तुकड्या, आणि उरलेले बारा तास ग्रंथालय व कार्यानुभव यांचे. तुकडींत ६० मुलें धरलीं, तर एका निबंधाच्या पहिल्याकडे ३०० वह्या जमतात, दुसऱ्याकडे १८०. वहीस चार मिनिटें दिलीं तरी पहिल्यास २० तास हवेत, दुसऱ्यास १२. मधले आठ तास वेळापत्रकांत कोठेंच लिहिलेले नसतात. ते त्या शिक्षकाच्या घरीं रात्रीच्या दिव्याखालीं खर्ची पडतात, नाहीं तर निबंधच लिहवून घेतला जात नाहीं. बहुधा दुसरेंच घडतें, आणि त्याबद्दल शिक्षकाला फारसा दोष देण्याचें आम्हांस धैर्य होत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठीं आठवड्याचे ४५ तास सांगितले, त्यांत पूर्वतयारीचा वेळहि धरला आहे. वर्गाबाहेरचें काम हेंहि कामच, हें कायद्यास मान्य झालें. भिंतीवरील कागदास तें अजून मान्य व्हावयाचें आहे.

तरी हा हिशेबाचा दोष किरकोळ म्हणावा लागेल. खरा दोष तुकड्यांच्या वांटणींत आहे. बहुतेक शाळांत रीत अशी कीं, दहावी 'अ' आणि नववी 'अ' हे वर्ग जुन्या शिक्षकांचे. त्यांच्या खालोखाल असणाऱ्यांस मधल्या तुकड्या. आणि शेवटची तुकडी सर्वांत नव्या माणसाकडे. कोणाला कोणता वर्ग मिळाला यावरून त्याची प्रतिष्ठा मोजली जाते. साहजिकच 'ड' तुकडी ही शिक्षा ठरते. आणि त्या तुकडींत बसलेलीं मुलें म्हणजे जणूं त्या शिक्षेचें साधन.

आम्ही प्राध्यापक होण्यापूर्वीं कांहीं वर्षें एका हायस्कुलांत इंग्रजी शिकवीत होतों. त्या काळीं मराठी शाळांत इंग्रजीचा श्रीगणेशा पांचवींत होई. पहिलीपासून इंग्रजी आलें तें २००० सालीं. नवखे म्हणून आमच्या वांट्यास आठवी 'ड' आली, तीहि मधल्या सुटीनंतरच्या तासाला. पहिल्या दिवशीं हजेरी संपतांच मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही नवीनच ना? आमच्या वर्गाला नवीनच सर देतात." त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता, आषाढांत पाऊस पडतो, हें सांगावें तसें त्यानें तें सांगितलें. इंग्रजीच्या चौथ्या वर्षींहि त्या वर्गांतील निम्म्या मुलांना एक वाक्य सलग वाचतां येत नव्हतें. आम्हांला शिकविण्याची हौस होती, हातोटी नव्हती; आणि ज्यांच्या अंगीं ती हातोटी होती ते सर्व वरच्या तुकड्यांवर होते. वर्ष संपलें तेव्हां तीं मुलें जेथें होतीं तेथून फार पुढें गेलीं नव्हतीं. चार वर्षांनीं आम्हांला नववी 'अ' मिळाली. ती बढतीच समजून आम्हीं घरीं पेढे नेले. त्या वर्षीं आठवी 'ड' कोणाकडे गेली, हें आम्हीं विचारलें नाहीं. या परीक्षणांत दुसऱ्यांस जो दोष आम्ही देत आहों, त्यांत आमचाहि वांटा आहे, हें येथें सांगितलें पाहिजे.

हा दोष आमच्याच प्रांताचा नव्हे. अमेरिकेंतील मायामी-डेड जिल्ह्याच्या शाळांविषयींचा एक अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एकाच शाळेंत एकाच इयत्तेस शिकविणाऱ्या शिक्षकांची तुलना करतां, कमी अनुभवाच्या शिक्षकांकडे अभ्यासांत मागें पडलेलीं मुलें अधिक सोंपविलेलीं आढळलीं. आमच्याकडे या रीतीस आणखी एक जोड मिळाली. २००० सालापासून नव्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून ठराविक मानधनावर काम करावें, अशी योजना आली. माध्यमिक शाळेंत तें मानधन २०२३ सालीं दरमहा १८,००० रुपये झालें. ज्याची नोकरी अजून कायम व्हावयाची आहे, तो वर्गवांटणीबद्दल तोंड कसें उघडणार? खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलींत ज्येष्ठता कशी ठरवावी हें बारकाईनें सांगितलें आहे, आणि तें योग्यच आहे. पण ज्येष्ठतेनें माणसावर अधिक अवघड काम यावें, त्याऐवजीं सोपें काम निवडण्याचा हक्क यावा, हें कोणत्या न्यायानें?

मुख्याध्यापकांचीहि बाजू ऐकली पाहिजे. शाळेची अब्रू दहावीच्या निकालावर तोलली जाते. संस्थाचालक आणि पालक तोच आंकडा विचारतात. मग अनुभवी माणूस तेथें नेमला तर त्यांचें काय चुकलें? यांत तथ्य आहे. पण दहावी 'अ' मधील मुलाला शिकवणी असते, शिकलेले आईबाप असतात, घरीं पुस्तकें असतात. आठवी 'ड' मधील मुलाला बहुधा यांपैकीं कांहींच नसतें. त्याचा सारा आधार शाळेंतील तो एक तास. अवघड दुखण्याचा रोगी जाणत्या वैद्याकडे न्यावा, हें खेडुतासहि कळतें. शाळा मात्र त्याला शिकाऊ माणसाकडे धाडते, आणि रोगी बरा झाला नाहीं म्हणजे दोष त्याच्या प्रकृतीस देते. शिवाय दहावींत जें नापास होतें, तें आठवींतच मागें पडलेलें असतें.

वाङ्मयाच्या वाचकांस येथें शॉच्या 'पिग्मॅलिअन'ची आठवण होईल. तें नाटक प्रथम रंगभूमीवर आलें १९१३ सालीं, पु. ल. देशपांडे यांनीं त्यावरून रचलेली 'ती फुलराणी' आली १९७५ सालीं. त्या नाटकाचें नांव उसनें घेऊन रोझेन्थाल व जेकबसन यांनीं १९६८ सालीं आपल्या एका शालेय प्रयोगावर ग्रंथ लिहिला. कांहीं मुलें लवकरच चमकतील असें त्यांनीं शिक्षकांस सांगितलें. वस्तुतः तीं मुलें चिठ्ठ्या टाकून निवडावीं तशीं निवडलेलीं होतीं. तरी त्यांच्यांतील लहान इयत्तांच्या मुलांची प्रगति इतरांहून अधिक झाल्याचें लेखकांस दिसलें. त्या प्रयोगावर पुढें बरीच टीका झाली, आणि परिणाम त्यांनीं सांगितला तेवढा मोठा नसावा. पण जग आपल्याला कसें वागवितें यावर आपण काय होऊं हें पुष्कळसें अवलंबून असतें, हें नाटकांतील फुलवालीस कळलें होतें. आमच्या मागच्या बांकावरील मुलासहि तें कळलें होतें.

उपाय अवघड नाहींत. वर्गांची वांटणी दरवर्षीं फिरती असावी. प्रत्येक शिक्षकाकडे एक वरची आणि एक खालची तुकडी असावी. कामाचा हिशेब तासांबरोबर वह्यांचाहि व्हावा. नव्या शिक्षकाकडे शेवटची तुकडी दिलीच, तर त्याच इयत्तेची दुसरी तुकडी एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे असावी, म्हणजे विचारावयास माणूस राहील. आणि मागील तीन वर्षांची वांटणी नव्या वेळापत्रकाशेजारींच लावावी. यांपैकीं कशासहि सरकारी मंजुरी नको आणि पैसाहि नको.

राहतां राहिले आपण वाचक. आपल्या मुलाला 'अ' तुकडी मिळावी म्हणून चिठ्ठी घेऊन जाणारे गृहस्थ आपल्याच घरांतले असतात. वेळापत्रकाचा कर्ता त्या चिठ्ठ्या वाचूनच लेखणी उचलतो. येत्या जूनमध्यें पालकसभेस गेलांत, तर आपल्या मुलाचे गुण विचारण्याआधीं एवढेंच विचारा : आठवी 'ड' ला यंदा कोण शिकवितो, आणि गेल्या वर्षीं कोण शिकवीत होता?