‘भाऊ’ की ‘मेहुणा’? : माणदेशातील एका नातेशब्दाची चिकित्सा

कुलेतिहासाच्या साधनांतील व्यक्तिनामे व तिथी यांची छाननी आपण काटेकोरपणे करतो. नातेवाचक शब्द मात्र परिचित म्हणून तसेच स्वीकारतो. ही सवय किती घातक आहे, हे माणदेशातील एका प्रसिद्ध प्रकरणावरून स्पष्ट होईल.

शंभूमहादेवाच्या डोंगरांत १६९७ साली संताजी घोरपडे यांचा वध म्हसवडच्या नागोजी माने यांनी केला. त्याचे कारण सूड, याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु सूड कोणाचा? खाफीखानाच्या वृत्तांतात संताजींनी हत्तीच्या पायी दिलेला पुरुष नागोजींचा भाऊ आहे. पुढील इतिहासकारांच्या प्रचलित कथनात तो नागोजींची पत्नी राधाबाई हिचा भाऊ अमृतराव निंबाळकर आहे. पहिले खरे मानल्यास हे भावकीचे वैर ठरते. दुसरे मानल्यास कृतीमागील प्रेरणा एका स्त्रीची ठरते.

आडनाव भिन्न, तेव्हा खाफीखान चुकला, असा निर्णय सोपा आहे. फार्सीत मेहुण्यास ‘बिरादर-इ-झन’ म्हणजे ‘बायकोचा भाऊ’ म्हणतात. त्यातील उत्तरपद गळले की मेहुण्याचा भाऊ होतो. तथापि हा निर्णय अपुरा आहे. मराठीत मामेभाऊ व आतेभाऊ हेही भाऊच होत, आणि त्यांचे कुळ वेगळे असते. शिवाय मराठा समाजात मामाच्या मुलीशी विवाह प्रशस्त मानला जाई. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात या प्रथेची मीमांसा केली आहे. अशा विवाहात पत्नीचा भाऊ मुळातच मामेभाऊ असतो. म्हणजे दोन्ही वृत्तांत एकाच वेळी खरे असू शकतात. येथे निर्णायक प्रश्न नागोजींच्या मातेच्या माहेराचा आहे. आणि ‘अमुक बिन तमुक’ अशा पितृपरंपरेने चालणाऱ्या वंशावळी नेमका तोच प्रश्न विचारू देत नाहीत.

ही अडचण केवळ आपली नव्हे. प्राचीन नॉर्वेच्या भाषेत चुलता व मामा यांना ‘पित्याचा भाऊ’ व ‘मातेचा भाऊ’ असे पृथक् शब्द होते. इंग्रजी ‘अंकल’मध्ये तो भेद लोपतो. उलट तेथील ‘मागर’ हा एकच शब्द सासरा, जावई व मेहुणा या तिघांसही लागे. आपला ‘मेहुणा’ही बायकोचा भाऊ व बहिणीचा नवरा अशा दोघांचा वाचक आहे.

तेव्हा संपादकाने मूळ नातेशब्द अनुवादाने झाकू नये. तो जसाच्या तसा देऊन कुळ, विवाहप्रथा व मातृपक्ष यांच्या कसोटीवर तपासावा. वंशावळीत स्त्रियांचे रकाने रिकामे ठेवणे ही केवळ उपेक्षा नव्हे. त्यायोगे पुरुषांच्या इतिहासाचाही उलगडा अशक्य होतो.