प्रतिकूल टीका आणि सरकारी चाकर

टीका हा शब्द आमच्या व्यवसायाचा. मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारें विवरण ती टीका, असा त्याचा जुना अर्थ. ज्ञानदेवांची 'भावार्थदीपिका' ही गीतेवरील टीकाच होय. पुढें इंग्रजी अमदानींत या शब्दाला दोषदर्शनाची धार आली, आणि आतां तर सरकारी नियमांच्या पुस्तकांत 'प्रतिकूल' या विशेषणाच्या सोबतीनें तो शिक्षेस पात्र अशा वर्तनाचें नांव होऊन बसला आहे. ज्या शब्दावर आमच्यासारखीं मासिकें चालतात तो कोणीं उच्चारावा व कोणीं उच्चारूं नये हें ठरविणारें एक गद्य आपल्यांत नांदत असतां त्याचें परीक्षण मात्र आमच्या पाहण्यांत आलें नाहीं. तें येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परीक्षणास घेतलेली कृति म्हणजे 'महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९', आणि तिची पुरवणी म्हणून सामान्य प्रशासन विभागाचा २८ जुलै २०२५ चा समाजमाध्यमांविषयींचा शासननिर्णय. वाङ्मयाच्या मासिकांत नियमांना जागा कशाला, असें कोणी विचारील. त्यानें यवतमाळ जिल्ह्यांतील महागांवसारख्या तालुक्याच्या गांवीं वाचणारा वर्ग कोणता आहे याचा थोडा विचार करावा. तहशिलींतील अव्वल कारकून, पंचायत समितीचा विस्तार अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, आणि सर्वांत मोठ्या संख्येनें जिल्हा परिषदेच्या शाळांचे गुरुजी. मासिकाचा अंक जातो तो बहुधा यांच्यापैकींच कोणाच्या घरीं, आणि कवितेची वही असते ती यांच्याच टेबलाच्या खणांत. जिल्हा परिषदेच्या नोकरांस १९६७ चे निराळे वर्तणूक नियम आहेत. पण वळण तेंच. तेव्हां मराठी वाचकाच्या व लेखकाच्या मनावर ज्या गद्याचा नित्य अंमल चालतो तें हेंच, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां कृतीकडे वळूं. तिसऱ्या नियमांत सचोटी आणि कर्तव्यपरायणता यांची अपेक्षा सांगून झाल्यावर सरकारी नोकरास न शोभणारें कांहींही करूं नये असें फर्माविलें आहे. 'न शोभणारें' हा शब्द साहित्यशास्त्रांत आम्हांस परिचित आहे; औचित्यविचाराची सारी इमारत त्यावर उभी आहे. परंतु क्षेमेंद्रालाही औचित्य समजावून सांगण्यासाठीं उदाहरणांमागून उदाहरणें द्यावीं लागलीं. नियमकर्त्यानें तो त्रास घेतला नाहीं. कोणतें वर्तन शोभतें हें ज्याच्या हातीं चौकशीचा कागद आहे त्याच्या रुचीवर सोंपवून तो मोकळा झाला.

नवव्या नियमाची घडण याहून कुशल आहे. स्वतःच्या नांवानें, निनांवी, टोपणनांवानें अथवा दुसऱ्याच्या नांवानें प्रसिद्ध केलेल्या लेखांत, किंवा जाहीर भाषणांत, सरकारच्या चालू वा अलीकडील धोरणावर अगर कृतीवर प्रतिकूल टीका होईल असें विधान, मग तें वस्तुस्थितीचें असो वा मताचें असो, नोकरानें करूं नये, असा त्याचा भावार्थ आहे. या वाक्यांतील दोन स्थळें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों. एक, वस्तुस्थिति आणि मत यांस येथें एकाच मापानें मोजलें आहे. शाळेचें छप्पर गळतें हें सांगणें आणि शिक्षणाचें धोरण चुकलें असें म्हणणें यांत नियमाच्या लेखीं अंतर नाहीं. दुसरें, बंधन आहे तें चालू व अलीकडील गोष्टींपुरतें. जुन्या राजवटींवर हवें तितकें लिहावें! आमच्या नोकरदार लेखकांचा ओढा इतिहासाकडे विशेष कां, याचें एखादें कारण या विशेषणांत सांपडल्यास आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं.

टोपणनांवाचा उल्लेख तर मराठी निबंधाच्या जन्मस्थानावरच बोट ठेवतो. गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकर. त्यांनीं भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रांत १८४८ ते १८५० या काळांत 'लोकहितवादी' या नांवानें १०८ पत्रें लिहिलीं. आजचा नववा नियम त्या वेळीं असता तर टोपणनांवाची ती आडवाट त्यांना बंद झाली असती. अर्थात् लोकहितवादींचा प्रहार मुख्यतः आपल्याच समाजावर, भट-भिक्षुकांवर व आळशी सरदारांवर होता, आणि समाजावरील टीका कोणत्याही सरकारला फारशी बोंचत नाहीं, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. ती सरकारकडे वळूं लागतांच काय होतें हें पुढील पिढीनें पाहिलें. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंत शिक्षक असतांना जानेवारी १८७४ मध्यें 'निबंधमाला' सुरू झाली. कांहीं वर्षांनीं त्यांची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली, आणि मालेंतील लिखाण हेंच तिचें कारण असा समज तेव्हां पसरला होता. १८७९ सालीं त्यांनीं नोकरी सोडली व १८८० च्या आरंभीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. 'आमच्या देशाची स्थिति' हा त्यांचा जळजळीत निबंध त्या सुटकेनंतरचा आहे; तो सरकारनें १९१० मध्यें जप्त केला आणि १९३७ मध्यें ती बंदी उठली. त्याच १८७९ सालीं न्यायमूर्ति रानडे यांची धुळ्यास बदली झाली, तेथें त्यांच्या टपालावर कशी पाळत होती तें रमाबाईंनीं आपल्या आठवणींच्या पुस्तकांत सांगितलें आहे. बदली ही शिक्षांच्या कोणत्याही यादींत नाहीं. म्हणूनच ती सर्वांत सोयीची शिक्षा होय. तिला आरोप लागत नाहीं, चौकशी लागत नाहीं, आणि शिक्षा झाली असें म्हणण्याचीही सोय राहत नाहीं.

पुण्याची ही कथा सर्वांस ठाऊक आहे. वऱ्हाडांत तोच प्रश्न जरा निराळ्या वेषांत आला. महागांव त्या काळीं पुसद तालुक्यांत मोडे. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव जंगलांतील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मिठाचा कायदा समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या या मुलखांत मोडणार तरी कसा. येथें लोकांना खरा जाचत होता तो जंगलाचा कायदा. ज्या भागांत राजकारण म्हणजे गवत, सरपण व गुरांचा चारा, तेथें जंगलाच्या रखवालदारानें किंवा पटवाऱ्यानें राजकारणापासून अलिप्त राहावें म्हणजे नेमकें कशापासून अलिप्त राहावें, हा प्रश्न कोणाही नियमकर्त्याला सुटलेला नाहीं.

सुटला नाहीं म्हणून तो सरकारनें आपल्या हातीं ठेविला. डिसेंबर १९३२ मध्यें मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनें राष्ट्रीय स्वयंसेवक संघांत सरकारी नोकरांनीं भाग घेऊं नये असा हुकूम काढला, पुढें स्थानिक संस्थांच्या नोकरांसही तो लागू केला, आणि १९३४ सालीं प्रांतिक कायदेकौन्सिलांत त्यावर कडक टीका झाली. स्वराज्यांत ३० नोव्हेंबर १९६६ रोजीं केंद्र सरकारनें आपल्या नोकरांस संघ व जमाते-इस्लामी या दोन संस्थांचीं दारें बंद केलीं. ९ जुलै २०२४ रोजीं त्यांतून संघाचें नांव वगळलें. संघाविषयीं वाचकाचें मत कांहींही असो. १९३२, १९६६ व २०२४ या तिन्ही वेळां निर्णय करणारा एकच होता, आणि तो पक्षकारही होता. १९७९ च्या पांचव्या नियमांतही एखादा पक्ष वा संस्था राजकीय आहे कीं नाहीं याविषयीं सरकारचा निर्णय अखेरचा मानला आहे. त्याच नियमांत नोकरानें आपल्या कुटुंबांतील माणसांस सरकार उलथविणाऱ्या चळवळीपासून परावृत्त करावें, आणि तें न साधल्यास सरकारास तसें कळवावें, असेंही कलम आहे. बापानें मुलाची वर्दी द्यावी असें सांगणारें हें वाक्य आपल्या भाषेंत किती शांतपणें उभें आहे, पाहा.

निदर्शनें आणि संप यांची हकीकत न्यायालयांतून आली आहे. जुलै १९६० मध्यें केंद्र सरकारच्या नोकरांचा देशव्यापी संप झाला. मुंबईच्या महालेखापाल कचेरींतील ई. एक्स. जोसेफ यांच्यावर निदर्शनांत भाग घेतला आणि मान्यता काढून घेतलेल्या संघटनेचें काम चालू ठेविलें म्हणून शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्याच १९६२ सालीं बिहारच्या कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यांत न्यायालयानें सरसकट निदर्शनबंदी घटनाबाह्य ठरविली होती. ऑक्टोबरांत जोसेफ यांनाही तोच न्याय मिळाला, व मान्यता नसलेल्या संघटनेचें सभासदत्व वर्ज्य करणारा नियमही रद्द झाला. संपाचा हक्क मात्र न्यायालयानें मान्य केला नाहीं. १९७९ च्या नियमांतील निदर्शनांचें कलम आज मर्यादित शब्दांत दिसतें, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी वगैरे कारणें त्यांत मोजून दिलेलीं आहेत, तें या निवाड्यांचें फळ होय. साऱ्या पुस्तकांत नेमकेपणानें लिहिलेलें असें स्थळ हें एकच, आणि तें एका हिशेबनिसाच्या चिकाटीनें आपल्या पदरीं पडलें आहे.

संपाविषयीं आमचें मत एकेरी नाहीं. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालीं १४ डिसेंबर १९७७ पासून राज्य सरकारच्या नोकरांनीं ५४ दिवसांचा संप केला, त्याची आठवण जुन्या कचेऱ्यांत अद्याप निघते. १४ मार्च २०२३ रोजीं जुन्या निवृत्तिवेतनासाठीं राज्यभर संप सुरू झाला. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरींत आलेल्यांना तें मिळत नाहीं हें त्याचें मूळ. सरकारनें सहाव्या नियमाकडे बोट दाखवून शिस्तभंगाचा इशारा दिला. २० मार्चला संप मागें घेतला गेला. त्याच आठवड्यांत राज्यांत ठिकठिकाणीं अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि संपामुळें पिकांच्या नुकसानीचे पंचनामे रखडले. ज्याचा गहूं आडवा झाला आहे त्या शेतकऱ्याला तलाठ्याचें निवृत्तिवेतन न्याय्य आहे असें कसें पटवून द्यावें? हा प्रश्न संपवाल्यांच्या घोषणांनीं टाळला, आणि आमच्या मतें ती त्यांची उणीव होती. परंतु या प्रश्नाचें उत्तर सहाव्या नियमांतही नाहीं. तेथें संप वर्ज्य आहे तो शेतकऱ्यासाठीं नव्हे. पंचनाम्याच्या वेळचा संप आणि सुटीच्या दिवसांतला संप त्यास सारखेच.

तटस्थतेचा आग्रह आम्हांस मान्य आहे. महागांवच्या तहशिलींत सातबाऱ्यासाठीं आलेल्या माणसाला टेबलापलीकडच्या कारकुनाचा पक्ष कोणता हें कळण्याचें कारण नाहीं, आणि तें कळूं न देणें हें कारकुनाचें कर्तव्यच आहे. खुर्चीवर बसून पक्षाचें काम करणारा नोकर शिक्षेस पात्र आहे. त्याला शिक्षा झाल्यास आम्ही अश्रु ढाळणार नाहीं. पण खुर्चीवरून उठल्यावर, कचेरीबाहेर, रविवारीं, धोरणाविषयीं बोलणाऱ्या नागरिकाला त्याच मापानें मोजणें हें खुर्ची आणि माणूस यांतला भेद न ओळखणें होय. लेखक म्हणून या नियमकर्त्याचा आम्हांस दिसलेला मुख्य दोष हाच आहे.

या दोषाला धार येते ती शेजारचें पुस्तक उघडल्यावर. १९७९ च्याच 'शिस्त व अपील' नियमांत शिक्षांची यादी आहे: ठपका, बढती रोखणें, वेतनवाढ रोखणें, खालच्या पदावर आणणें, सक्तीची सेवानिवृत्ति, सेवेंतून काढून टाकणें, आणि बडतर्फी. शेवटच्या दोहोंतला भेदही बारकाईनें सांगितला आहे. बडतर्फ झालेल्यास सामान्यतः पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाहीं. निलंबितास निर्वाहभत्ता किती तेंही ठरलेलें आहे. म्हणजे शिक्षा तोळ्यामाशानें तोललेल्या, आणि अपराध मात्र 'न शोभणारें' व 'प्रतिकूल' या दोन सैल शब्दांत बांधलेला. नाटकांत पांचवा अंक चोख लिहून पहिला अंक कोराच ठेवावा, तसें हें झालें आहे. चौकशीचें रक्षण घटनेच्या ३११ व्या कलमानें दिलें आहे खरें. पण अपराधाची व्याख्याच ढिली असेल तर चौकशीनें शोधावयाचें काय?

राज्य परिवहन महामंडळाच्या चालक-वाहकांना तर तें कलमही लागू नाहीं, कारण ते महामंडळाचे नोकर. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस विलीनीकरणाच्या मागणीसाठीं त्यांचा संप पेटला, हजारो कामगार निलंबित वा बडतर्फ झाले, आणि शेवटीं उच्च न्यायालयानें २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत घालून दिली तेव्हां बहुतेकांच्या चुली पूर्ववत् पेटल्या.

राहिली २०२५ ची पुरवणी. तिच्या कांहीं सूचना शहाणपणाच्या आहेत; खासगी व सरकारी खातीं निराळीं ठेवावीं, गोपनीय कागद फोडूं नयेत, याला कोण हरकत घेईल? परंतु प्रतिकूल टीकेचा जुना मजकूर तींत तसाच उतरला आहे, आणि तो आतां कायम नोकरांपुरता राहिलेला नाहीं. स्थानिक संस्था, महामंडळें, प्रतिनियुक्तीवरील व कंत्राटी माणसें यांनाही ती लागू केली आहे. पंचायत समितींत अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर बसलेल्या माणसाला सरकारी नोकराचें मौन मिळालें. निवृत्तिवेतन, वेतनवाढ व ३११ वें कलम मिळालेलें नाहीं. त्याच्या बाबतींत ठपक्यापासून बडतर्फीपर्यंतची ती सुबक यादी उघडण्याचीही गरज पडत नाहीं. बाराव्या महिन्याचा हुकूम निघाला नाहीं कीं झालें.