अर्ध्या मिनिटाचा खो-खो

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर या आपल्या मराठी कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला आणि पुरुष संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवून दोन्ही चषक जिंकले. तेव्हापासून आमच्या सहममधल्या पोरांनीही खो-खो शिकायचे मनावर घेतले आहे. शिकवायला इथे मास्तर नाहीत, म्हणून मास्तरकी मोबाइलकडे आली. त्यावरच्या अर्ध्या-एक मिनिटाच्या बऱ्याच चित्रफिती मुलांबरोबर बसून पाहिल्या, त्यांच्याविषयी चार शब्द.

दिसायला त्या झकास आहेत. खेळाडू सूर मारतो, गडी टिपतो, मागे ढोल-ताशा. पण झेपेआधी पाय कुठे होता, अंग जमिनीला कसे टेकले, हे दिसत नाही. नेमके तिथेच चित्र कापलेले. ते पाहून पोर इथल्या खडबडीत जमिनीवर अंग टाकायला निघते! पडायचे कसे हे दाखवायचे नसेल, तर सूर दाखवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खो-खो मुळात उठण्या-बसण्याचा खेळ. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. खो देताना पाठीला हात लागला पाहिजे आणि तोंडाने ‘खो’ही म्हटले पाहिजे. उठलेल्याने एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घालेपर्यंत सोडायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारा मात्र हवा तिकडून निसटतो. सारी गंमत या अन्यायात आहे, आणि फितीत नेमकी तीच नसते, कारण कॅमेरा एकट्या खेळाडूच्या मागे धावत असतो.

त्यात तो कडेला उभा. बसलेल्या गड्यांच्या आड पळणाऱ्याचे पाय झाकले जातात. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. बाजूने मोबाइल उभा धरला की निम्मे मैदान चित्राबाहेर. तोच उभा मोबाइल खांबामागे, थोड्या उंचीवर धरला तर अख्खी रांग आणि दोन्ही बाजू दिसतात. खर्च काय, एका शिडीचा!

पाहिलेल्यांपैकी एकच फीत मनापासून आवडली. गच्चीवरून घेतलेली, संगीत नाही. एक मुलगी खो मिळण्याआधीच उठते, बाई थांबवतात, ती पुन्हा बसते. तीनदा चुकते, चौथ्यांदा जमते. चुका कापलेल्या नाहीत, म्हणून आमच्या मुलांना ती लगेच कळली.

एक गोष्ट मात्र कुठेच सापडली नाही. आमच्याकडे नऊ-नऊचे संघ जमत नाहीत; शुक्रवारी सहा पोरे आली तरी खूप. चौघा-पाचांत खो देण्याचा सराव कसा करायचा, हे कुणी दाखवले, तर ती फीत इथे रोज पाहिली जाईल.