मित्राची गोष्ट आणि साताऱ्याची पंगत

सांगलीत नाटकावर बोलायचं म्हणजे धाडसच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथेच केलं. आज आपण तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’कडे पाहू. नाटक १९८१ चं. कॉलेजात शिकणाऱ्या सुमित्राचं, म्हणजे मित्राचं, एका मुलीवर प्रेम आहे. हे ती मोकळेपणी बोलते ते बापूशी. तेंडुलकर तिचा न्यायनिवाडा करत नाहीत, हे नाटकाचं बळ. पण आमची एक तक्रार आहे. बापूच्या घालमेलीत आपण इतके गुंततो, की मित्राचं मरण हे तिचं प्राक्तनच वाटू लागतं. प्राक्तन कसलं? तिच्या बाजूला एकटा बापू होता, एवढंच.

आता एखादे पालक म्हणतील, ‘आमच्या धर्मात हे बसत नाही, मग शाळेत का सांगता?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. संविधानाचं २८ वं कलम सांगतं, की सरकारमान्य शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धर्मशिक्षण घ्यायला लावता येत नाही. पण वर्गातल्या वेगळ्या मुलाला छळू नका, हे सांगणं धर्मशिक्षण नव्हे.

शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. तिथे नाना जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवली. तेव्हा कित्येक घरांच्या धर्मात तेही बसत नव्हतं. त्या मुलांना देव सोडावा लागला नाही. शेजारचं ताट मान्य करावं लागलं. मित्राला तरी याहून जास्त काय हवं होतं?