मिनी मेट्रोत कुणी लटकत नाही

या वर्षी मी सगळ्यात जास्त वेळ दिलेला गेम अजिबात नवा नाही. ‘मिनी मेट्रो’ २०१५ साली आला, न्यूझीलंडच्या डायनासोर पोलो क्लब या छोट्या कंपनीचा. पांढऱ्या पडद्यावर स्टेशनं म्हणून गोल, त्रिकोण, चौकोन उगवतात आणि प्रवासीही तसेच आकार. त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्टेशनवर जायचंय, बस. तुम्ही रेषा ओढायची, गाडी सोडायची. गाड्यांच्या हालचालीतूनच संगीत तयार होतं, ते ऐकत रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही.

माझ्या संशोधनाचा विषय इथेच येतो. इयान बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ च्या ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ या पुस्तकात मांडलं की गेम आपलं म्हणणं नियमांतून मांडतो. भाषण शब्दांनी पटवतं, सिनेमा दृश्यांनी. गेम मात्र तुम्हाला काय करू देतो आणि कशाची शिक्षा करतो, त्यातून पटवतो. म्हणून गेम वाचायचा तर गोष्ट थोडी बाजूला ठेवायची आणि नियम बघायचे.

मग मिनी मेट्रोचे नियम काय सांगतात? एक, रेषा कधीही पुसा, कधीही ओढा. नदी आडवी आली तर एक बोगदा खर्च होतो, एवढंच. ना जमीन संपादन, ना कुणाचं घर. आपल्याकडे ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २००८ मध्ये मंजुरी मिळाली आणि ती सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. गेममधल्या या सोयीवर मी रागावलोही होतो.

दोन, आणि हा नियम जास्त महत्त्वाचा. गाडी कधीच जास्त भरत नाही. बहुतेक नकाशांत एका गाडीत सहा प्रवासी, सातवा फलाटावरच थांबतो. गर्दी फक्त स्टेशनवर साचते. रेल्वेची भाषा मात्र ‘सुपर डेन्स क्रश लोड’ची आहे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. कळव्याला जलद गाडी थांबत नाही. सकाळी धीमी येते तेव्हा सातवा, सत्तरावा कुणीच थांबत नाही, सगळे चढतात. दारात लटकणारा माणूस या गेमच्या नियमांत बसतच नाही. गेममध्ये मुंबईचा नकाशा आहे, तरीही.

पण एवढ्यावर सोडलं तर गेमवर अन्याय होईल. स्टेशनवर गर्दी वाढली की त्याभोवती एक वर्तुळ भरायला लागतं आणि ते पूर्ण भरलं की खेळ संपतो. कारणही पडद्यावर येतं: या स्टेशनवरच्या गर्दीमुळे तुमची मेट्रो बंद करावी लागली. म्हणजे चूक चालवणाऱ्याची. प्रवाशाला दोष देण्याची सोयच ठेवलेली नाही. ९ जून २०२५ ला कळव्याच्या पुढच्याच स्टेशनाजवळ, मुंब्र्याच्या वळणावर, एकमेकांशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी पडले, काहींचे जीव गेले. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न होता, “दारात उभे कशाला राहतात?” या प्रश्नापेक्षा मिनी मेट्रोचा नियम मला जास्त शहाणा वाटतो.

बाकी दोन पटकन सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) उशिरा खेळलो. भिंती, कमानी बघत राहावं असं काम आहे, पण मारामारी लवकरच तीच ती वाटते. ‘वेण्बा’ (२०२३) कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. आईच्या वहीतली पाककृती अर्धवट पुसली गेलीय, ती तुम्ही जुळवायची. इडलीपात्रातल्या ताटल्या वाफेला वाट मिळेल अशा कशा रचायच्या, हे कोडं म्हणून समोर येतं तेव्हा आजीच्या हाताला काय माहीत होतं ते कळतं. दोनेक तासांत संपतो, आणि ते बरंच आहे.

मिनी मेट्रो फोनवरही मिळतो. लंडनपासून सुरू करा. आणि खेळायचाच असेल तर दुपारच्या गाडीत, बसायला मिळालं तर.