अर्थाधिष्ठित प्रतिमानांच्या प्रश्नभाषा आणि काळाचे भान : सातारा-सांगलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात माहिती कोष्टकांत विभागली जाते. कोष्टकांमधील नात्यांचा अर्थ मात्र प्रश्नकर्त्यालाच ठाऊक असावा लागतो. ही उणीव दूर करण्याच्या दिशेने चेन यांचे घटक-संबंध प्रतिमान (१९७६) आणि शिपमन यांची डॅप्लेक्स भाषा (१९८१) पुढे आली. विषयाच्याच परिभाषेत प्रश्न विचारता यावा, ही त्यामागील अपेक्षा होय. २००८ मध्ये प्रमाणित झालेल्या स्पार्कल या भाषेने ती कितपत पूर्ण केली, हे एका स्थानिक उदाहरणावरून तपासता येते.

उदाहरण :
क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र हे गाव वाळवा तालुक्यातील. प्रतिसरकारच्या काळात हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण होऊन वाळवा त्यात गेला; १९६० मध्ये त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजेच येथे एका जिल्ह्याची दोन नावे आणि 'सातारा' या एका नावाचे दोन विस्तार आहेत. गावापुढे केवळ आजचा जिल्हा नोंदविला असल्यास 'सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारच्या नेत्यांची गावे' या प्रश्नाच्या उत्तरातून येडेमच्छिंद्रच वगळले जाईल. संगणक चूक दाखविणार नाही आणि यादी अपुरी असल्याचे अभ्यासकालाही कळणार नाही.

समीक्षा :
स्पार्कलमधील विधान गाव, 'अंतर्गत' हे नाते आणि जिल्हा अशा तीन पदांचे असते. त्यात काळाला स्थान नाही. काळ नोंदवायचा तर रचनाकाराला वेगळा घटक योजावा लागतो आणि ती योजना प्रश्नकर्त्याला आधीच माहीत असावी लागते. कोष्टकांविरुद्धचा मूळ आक्षेप येथे पुन्हा उभा राहतो. २०१३ च्या आवृत्तीतही काळासाठी स्वतंत्र रचना आली नाही. एसक्यूएलच्या २०११ च्या प्रमाणात मात्र कालावधीची सोय झाली, हे लक्षणीय आहे. भाषा आटोपशीर राहावी, हे स्पार्कलचे समर्थन रास्त असले, तरी प्रत्येक संग्रहाने काळ आपापल्या पद्धतीने मांडल्यास एकाचा प्रश्न दुसऱ्याला लागू पडत नाही.

निष्कर्ष :
नात्याला नाव दिल्याने अर्थ पूर्ण होत नाही. ते नाते केव्हा खरे होते, हेही अर्थाचेच अंग आहे. म्हणून कालनिर्देश नसलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना प्रत्येक नात्याचा कालावधी सोबत दाखविणे, हा प्रश्नभाषेचा मूळ नियम असावा.