'अचानक' आणि मधला अवधी
गुलजार ह्यांचा 'अचानक' (१९७३) हा गीतांवाचून उभा केलेला संयमी चित्रपट. शीर्षक मात्र आम्हांस खटकते. ज्या नानावटी खटल्याचा त्यास आधार आहे, त्यातील वध अचानक घडला नव्हता. १९५९ मध्ये पत्नीच्या कबुलीनंतर नानावटींनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणले, मग ते आहुजाकडे गेले. मध्ये सुमारे तीन तास लोटले. मन आवरण्यास अवधी होता, सबब आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये नाकारला. गणना ३५ मध्येही अकस्मात झालेला वध व दबा धरून केलेला खून ह्यांत भेद आहे. परंतु काइनाचा संताप व हाबेलाचा वध ह्यांमध्ये देव काइनाशी बोलला (उत्पत्ती ४:६-७). न्यायालय तो अवधी आरोपीविरुद्ध मोजते. पाळकाने त्याच अवधीत संतप्त माणसाच्या घरी जावयास हवे.